रकान्यासमोर बसलेला माणूस

शासन नागरिकांची माहिती गोळा करते, साठवते, एका माहितीला दुसरी जोडते आणि त्या जोडणीवरून माणसाची पारख करते. या विषयावर आमच्या वाचनात जे मराठी लेखन आले त्यात कायद्याचे जाणकार आहेत, संगणकाचे जाणकार आहेत. साहित्याचा अभ्यासक क्वचितच दिसतो. तो आला तरी त्याच्या हाती बहुधा एकच दाखला असतो, जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' या कादंबरीचा. भिंतीवरचा डोळा, घरातला पडदा आणि भेदरलेला माणूस एवढे सांगितले की चर्चा आटोपते.

या मांडणीत दोनच पात्रे असतात. एक पाहणारे सरकार आणि दुसरा पाहिला जाणारा माणूस. साहित्याने मात्र एक तिसरे पात्रही वारंवार उभे केले आहे आणि समीक्षेने त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आमचे म्हणणे आहे. दोघांच्या मध्ये टेबलामागे बसून रकाने भरणारा माणूस हे ते पात्र. सरकार स्वतः कुणाच्या दारात जात नाही. हा माणूस जातो. 'नाव काय, बापाचे नाव काय, जन्म कुठला' हे तोच विचारतो. उत्तर ऐकून काय लिहायचे हेही पुष्कळदा त्याच्याच हातात असते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. त्यामुळे हे पात्र आम्हाला पुस्तकात शोधावे लागले नाही. हजेरीपट, जनरल रजिस्टर, 'सरल', 'यू-डायस प्लस', आधारची जुळणी, 'अपार' क्रमांक, मतदारयाद्यांचे काम आणि खानेसुमारी या साऱ्यांत शिक्षकाचा हात असतो. 'खानेसुमारी' हा जुना मराठी शब्द फारसीतून आला आहे, म्हणजे घरांची मोजणी. उर्दूत आम्ही 'मर्दुमशुमारी' म्हणतो, माणसांची मोजणी. घर मोजणे आणि माणूस मोजणे यात जे अंतर आहे, त्याच अंतरात हा सारा विषय आहे. त्या खुर्चीतून आम्ही काही पुस्तके वाचली. त्या वाचनातून हाती लागले ते येथे मांडत आहोत.

१

सुरुवात महमूद दरवेश यांच्या 'ओळखपत्र' या अरबी कवितेपासून करू. १९६४ साली ती त्यांच्या संग्रहात प्रसिद्ध झाली. त्या वेळी इस्रायलमधील अरब नागरिक लष्करी अंमलाखाली राहत होते. तो अंमल १९६६ साली उठला. दरवेश यांचा जन्म १९४१ साली अल-बिरवा या गावी झाला. १९४८ च्या युद्धात गाव उद्ध्वस्त झाले, कुटुंब लेबनॉनला गेले आणि पुढे गुपचूप परतले. तोवर शिरगणती होऊन गेली होती. मायदेशात प्रत्यक्ष राहणाऱ्या, पण कागदावर नसलेल्या अशा लोकांना तिथल्या कायद्याच्या परिभाषेत 'हजर-गैरहजर' म्हटले गेले. आमच्या हजेरीपटात विद्यार्थी हजर असतो किंवा गैरहजर असतो. दोन्ही एकाच वेळी असण्याची सोय त्यात नाही. राज्यसत्तेच्या दप्तरात मात्र ती आहे.

कवितेतला माणूस सरकारी कारकुनापुढे उभा आहे आणि त्याला आपली नोंद करायला सांगतो आहे. कार्डाचा क्रमांक, मुलांची संख्या, दगडखाणीतले काम, केसांचा रंग, पत्ता अशी नमुन्यातल्या रकान्यांची उत्तरे तो देतो. टीकाकारांनी या कवितेतला संताप पाहिला, स्वाभिमान पाहिला, आणि ते योग्यच आहे. आम्हाला मात्र तिची रचना अधिक महत्त्वाची वाटते. उत्तरे देता देता हा माणूस ज्यांना रकानाच नाही अशाही गोष्टी सांगू लागतो. आजोबा कोण होते, मुळे कधी रुजली, हात किती खरखरीत आहेत, हे कारकुनाने विचारलेले नाही. माहिती मागणाऱ्याला मागितल्यापेक्षा अधिक सांगून तो त्या नमुन्याचा तोकडेपणा दाखवून देतो. खाजगीपण म्हणजे लपवणे, ही समजूत या कवितेने खोटी पाडली आहे. हा माणूस काहीच लपवत नाही. आपण कोण हे रकान्याने ठरवू नये, ते आपले आपण सांगू, एवढाच त्याचा आग्रह आहे.

कविताभर कारकून एक शब्दही बोलत नाही. तो लिहितो आहे की लेखणी खाली ठेवून ऐकतो आहे, हेही कवी सांगत नाही. या मौनाकडे आम्ही पुन्हा येऊ.

हीच कविता बावन्न वर्षांनी ब्रह्मपुत्रेच्या काठावर पोहोचली. आसामातील हाफिज अहमद यांनी २०१६ साली दरवेश यांच्या धर्तीवर एक कविता लिहिली. 'मिया' हा बंगाली वंशाच्या मुसलमानांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द. कवीने तोच आपली ओळख म्हणून नोंदवायला सांगितला आणि राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतला क्रमांकही कवितेत आणला. त्यातून 'मिया कविता' नावाचा प्रवाहच सुरू झाला. जुलै २०१९ मध्ये या प्रवाहाशी संबंधित दहा जणांविरुद्ध गुवाहाटीत पोलिसांकडे तक्रार नोंदवली गेली. त्यानंतर ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नोंदवहीची अंतिम यादी लागली आणि तिच्याबाहेर १९,०६,६५७ माणसे राहिली. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही होते.

दोन्ही कवितांत टेबलासमोर उभा राहणारा बदलतो, टेबल तेच राहते. दरवेश मोजणीतून सुटले म्हणून गैरहजर ठरले. आसामात माणसे मोजणीत सापडली आणि तरी यादीबाहेर गेली. त्यामुळे 'मोजणी हवी की नको' हा प्रश्नच अपुरा ठरतो.

२

आता ऑर्वेलकडे वळू. '१९८४' ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक विन्स्टन स्मिथ हा पाहिला जाणारा माणूस आहे, हे सर्वांना आठवते. तो सत्य मंत्रालयाच्या नोंदी विभागात नोकरी करतो, हे तितकेसे आठवले जात नाही. जुन्या वर्तमानपत्रांतले मजकूर सत्तेच्या सोयीप्रमाणे बदलणे हे त्याचे रोजचे काम. एका प्रसंगी तो कधीच नसलेल्या माणसाचे अख्खे चरित्र रचतो आणि कागदावर तो माणूस खरा होऊन जातो. विशेष म्हणजे विन्स्टनला हे काम आवडते; त्यात त्याला कसबाचा आनंद मिळतो. कादंबरीतला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील आमच्या मते हाच आहे. छळाची कोठडी आपल्या वाट्याला येईलच असे नाही. जमलेला तक्ता आणि त्यातून मिळणारे समाधान मात्र आम्हा शिक्षकांच्या रोजच्या ओळखीचे आहे.

पण हीच कादंबरी आपल्या देशाला लावताना एक मोठी अडचण येते. ऑर्वेलच्या राज्यात लोकसंख्येचे ८५ टक्के असलेले कष्टकरी लोक पाळतीबाहेर आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात तो पडदाही नाही. सत्तेला त्यांची भीती वाटत नाही, म्हणून त्यांच्या माहितीचीही गरज नाही. पाळत आहे ती पक्षातल्या सुशिक्षितांवर. आपल्याकडे नेमके उलटे घडले. रेशन, निराधार अनुदान, रोजगार हमीची मजुरी, शिष्यवृत्ती अशा वाटांनी माहिती आधी गरिबाची घेतली गेली. अंगठा उमटला नाही तर त्याचेच धान्य अडते. ज्याला सरकारकडून काही घ्यायचे नाही त्याला आपले घर बंद ठेवता येते. ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली बिहारातील मोतीहारीचा, आणि १९२२ ते १९२७ ते ब्रह्मदेशात इंग्रजी पोलिसांत होते. वसाहतीतली नोंद कुणापासून सुरू होते हे त्यांनी जवळून पाहिले असणार. तरी त्यांच्या कादंबरीत ते आले नाही.

३

जे ऑर्वेलमध्ये नाही ते मराठीत आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. दलित-भटक्यांच्या आत्मकथनांच्या परंपरेत त्याची चर्चा भूक, मार आणि शिक्षण या अंगाने पुष्कळ झाली. आम्ही ते नोंदीच्या अंगाने वाचले. पुस्तक सुरूच होते ते लेखकाकडे काय काय नाही हे सांगून. जन्मतारीख हे त्यातलेच एक. ज्याच्या जन्माची कुठे नोंद नाही त्याच्या जमातीची नोंद मात्र पोलिसांच्या दप्तरात पक्की होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती नोंदवल्या गेल्या. नोंदलेल्या माणसाला पोलिसांपुढे हजेरी देण्याची सक्ती करता येत होती. १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसेही घेता येऊ लागले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. पुस्तकातले पोलिसी छळाचे प्रसंग तेच सांगतात. 'हजेरी' हा एकच शब्द शाळेत मुलाला आत घेतो आणि पोलीस चौकीत त्याच्या बापाला बाहेर टाकतो.

येथे गुरुजींच्या लेखणीचाही एक उल्लेख केला पाहिजे. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. आईबापांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडत असे, मूल सहा वर्षांचे दिसत असे. गुरुजी १ जून लिहीत आणि मूल वर्गात बसे. ही नोंद तपशिलाने खोटी असली तरी हेतूने माणसाच्या बाजूची होती. रकाना भरणाऱ्या हाताला दया करता येत होती. आजच्या यंत्राला तारीख जुळते की नाही एवढेच कळते.

बोटांच्या ठशांचा इतिहासही आपल्याच मातीतला आहे. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी लावण्याची रीत तिथल्या दोन कर्मचाऱ्यांनी, काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बसवली. जगभर ती त्यांच्या साहेबाच्या, एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. हक यांना पुढे खानबहादूर किताब मिळाला. गणिताची उत्तम जाण असलेला हा माणूस टेबलाच्या सरकारी बाजूला बसलेला होता. त्याच्या बुद्धीचे कौतुक वाटते. ती बुद्धी कुणाकुणावर वापरली गेली हेही विसरता येत नाही.

त्याच ठशांवरून दहा वर्षांच्या आत दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रहाचा जन्म झाला. ट्रान्सवालमधील प्रत्येक हिंदी माणसाने नाव नोंदवून बोटांचे ठसे द्यावेत असा हुकूम निघाला. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत तो न पाळण्याची शपथ घेतली गेली. ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घेण्याची सूचना शेठ हाजी हबीब यांची होती. १६ ऑगस्ट १९०८ रोजी तिथल्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक परवाने जाळण्यात आले. गांधीजींनी हा सारा वृत्तांत पुढे आपल्या पुस्तकात लिहिला. त्यातला मधला प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. १९०८ च्या आरंभी सरकारशी समझोता झाला, सक्ती मागे घेण्याचे ठरले आणि गांधीजी स्वतः ठसे द्यायला निघाले. वाटेत मीर आलम नावाच्या पठाणाने त्यांना मारहाण केली, कारण कालपर्यंत जे अपमानाचे होते ते आज मानाचे कसे झाले हे त्याला पटेना. गांधीजींचे उत्तर सक्ती आणि स्वेच्छा यांतल्या फरकाचे होते. बोट तेच आणि शाई तीच. नाही म्हणण्याची मुभा असेल तरच हो म्हणण्याला किंमत येते. सरकारने शब्द मोडला तेव्हा तेच परवाने जळाले.

४

एडवर्ड स्नोडेन यांचे 'परमनंट रेकॉर्ड' हे पुस्तक सप्टेंबर २०१९ मध्ये आले. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था आपल्याच नागरिकांच्या फोनची माहिती, म्हणजे कुणी कुणाला केव्हा आणि किती वेळ फोन केला ही नोंद, घाऊक गोळा करीत होती, हे जून २०१३ मध्ये त्यांनी पत्रकारांच्या हाती दिलेल्या कागदपत्रांतून जगाला कळले. तेव्हा ते २९ वर्षांचे होते. २०१५ साली तिथल्या संसदेने कायदा करून ती घाऊक नोंद थांबवली. २०२० साली तिथल्या एका अपील न्यायालयाने ती बेकायदा होती असे म्हटले. स्नोडेन आज रशियात आहेत आणि २०२२ पासून रशियाचे नागरिक आहेत. नागरिकांवरील पाळत उघड करणाऱ्याला अशा देशाचा आसरा घ्यावा लागावा, ही विसंगती पुस्तक वाचताना डोळ्याआड करता येत नाही.

पुस्तकाचे नावच शाळेतले आहे. 'हे तुझ्या कायमच्या नोंदीत जाईल' असा धाक अमेरिकेतल्या शाळांत मुलांना घातला जात आला आहे. स्नोडेन यांनाही एका शिक्षकाने या नोंदीची जाणीव करून दिली होती. शाळेच्या कपाटातली ती नोंद मूल मोठे झाले की धूळ खात पडे. यंत्रातली नोंद धूळ खात नाही, विसरत नाही, हे पुस्तकाचे मुख्य सांगणे आहे. गुप्तचर खात्यातल्या घडामोडींची पाने उत्कंठावर्धक आहेत, पण आमच्या मते पुस्तकाचे मोल ठरवणारे पान वेगळेच आहे. इंडोनेशियातला एक अभ्यासक इराणमधील विद्यापीठात नोकरीसाठी अर्ज करतो आणि तेवढ्यावरून संशयाच्या जाळ्यात येतो. स्नोडेन आपल्या टेबलावर त्याच्या संगणकातून टिपलेले चित्रण पाहतात. त्या माणसाच्या मांडीवर त्याचा लहान मुलगा खेळतो आहे. पाहता पाहता स्नोडेन यांना आपले वडील आठवतात. दरवेशच्या कवितेतल्या मुक्या कारकुनाने समोरच्या माणसाकडे येथे मान वर करून पाहिले आहे.

पुस्तकाची उणीवही याच पानात आहे. त्या बापाला पुस्तकात नाव नाही. सावधगिरी म्हणून ते योग्यही असेल. पण त्याचे पुढे काय झाले याची विचारपूस पुस्तकात होत नाही. पाहणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली, तो नायक झाला. पाहिला गेलेला बाप मात्र त्याच्या जागृतीचे निमित्त ठरून पानाबाहेर गेला. पाळतीच्या साहित्यात मुसलमान माणूस बहुधा असाच येतो. संशय त्याच्यापासून सुरू होतो आणि कथा दुसऱ्याची होते.

५

आपल्या देशात या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर कथा-कादंबरी नसून एक निकालपत्र आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेतून उभ्या राहिलेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. ५४७ पानांचा हा मजकूर साहित्य म्हणूनही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात एक जुनी गोष्ट पुन्हा सांगितली गेली. उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा आरोप सिद्ध झाला नव्हता. तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावीत. १९६२ साली न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी बंद केल्या, पण खाजगीपण हा हक्क असल्याचे नाकारले. चार न्यायमूर्ती विरुद्ध सुब्बा राव यांच्यासह दोन अशी ती विभागणी होती. त्या दोघांचे म्हणणे मान्य व्हायला पंचावन्न वर्षे लागली.

खाजगीपण हे सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत, गरिबाला भाकरी हवी, हा युक्तिवादही त्या निकालात फेटाळला गेला. ऑर्वेलकडून जे निसटले ते येथे पकडले गेले. पुढे २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक अशा मताने आधार कायदा काही कलमे वगळून कायम ठेवला. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही, असे त्याच निकालात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने, वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आपले आधार रद्द करून घेण्याची मुभाही मुलांना दिली. आमच्या वर्गातल्या किती पालकांना हे ठाऊक असेल, याचा वाचकांनी विचार करावा.

निकालपत्रात दोनच पक्ष असतात, शासन आणि नागरिक. मधला माणूस कायद्याला दिसत नाही. त्याला दाखवणे हे साहित्याचे काम आहे. शाळेत काय घडते ते पाहा. मुलीचे नाव जनरल रजिस्टरात आडनाव आधी घालून लिहिलेले असते, आधारवर ते शेवटी येते. एकच आडनाव शेख, शेक, शैख असे तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असते. मोहम्मद, मुहम्मद आणि नुसते 'मो.' ही यंत्राच्या लेखी तीन माणसे आहेत. उर्दूत 'स' या उच्चाराची तीन अक्षरे आहेत आणि नावाचा अर्थ त्यांवर ठरतो. देवनागरीत आणि रोमन लिपीत ती एकच होतात. आईच्या नावापुढचे 'बी' एका कागदावर असते, दुसऱ्यावर नसते. ही आमच्या भाषेची आणि रीतीभातीची समृद्धी आहे. यंत्र तिला विसंगती म्हणते. अलीकडच्या वर्षांत संचमान्यतेसाठी आधार जुळलेले विद्यार्थी धरण्याचे धोरण आल्यापासून ही विसंगती शिक्षकाच्या नोकरीपर्यंत पोहोचली आहे. मग टेबलामागचा माणूस तटस्थ कसा राहील? नाव जुळवून घेण्याची घाई त्यालाच अधिक असते.

त्यात 'अपार' आले. त्याच्या इंग्रजी नावातच 'परमनंट' हा शब्द आहे. बारा अंकी क्रमांक, शिक्षणाचा सारा प्रवास एका खात्यात, आणि त्यासाठी पालकांचे संमतिपत्र. कागदावर ही योजना ऐच्छिक आहे. पण संमतीला शंभर टक्क्यांचे उद्दिष्ट लागले की तिचा अर्थ उरत नाही. ट्रान्सवालचा धडा हाच होता. उर्दूच वाचणाऱ्या आईपुढे दुसऱ्या भाषेतला छापील कागद ठेवला आणि तिने विश्वासाने अंगठा दिला, तर तो विश्वास शिक्षकावर असतो, यंत्रणेवर नव्हे.

कुणी म्हणेल, मग काय मोजायचेच नाही? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. नोव्हेंबर २००६ मधला सच्चर समितीचा अहवाल आकड्यांवरच उभा आहे. शिक्षणात, नोकरीत, बँकेच्या कर्जात मुसलमान कुठे आहेत हे मोजले गेले म्हणूनच बोलता आले. पण सच्चर समितीला 'किती' हे हवे होते, 'कोण' हे नको होते. सारा फरक येथे आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याचे १५ वे कलम खानेसुमारीतली वैयक्तिक माहिती गुप्त ठेवते. ती कुणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही मात्र २००३ च्या नागरिकत्व नियमांखाली येते. तिला हे कलम लागू नाही. २०१० साली दोन्हींसाठी प्रश्न विचारायला दारात आलेला माणूस बहुधा एकच होता. २०२१ ची राहून गेलेली खानेसुमारी घेण्याची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली असून तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. आपल्या हातातला रकाना 'किती' विचारतो की 'कोण' विचारतो, हे दारात उभ्या असलेल्या शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे आणि विचारल्यास सांगताही आले पाहिजे.

२०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यात शासनाला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. याच कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(जे) बदलले आणि वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट रुंद केली. नागरिकाचे घर काचेचे आणि सरकारी कपाट लोखंडी, अशी ही रचना होत चालली आहे.

६

आमच्या भाषेत 'अमानत' असा एक शब्द आहे. दुसऱ्याने विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. ती वापरायची नसते, तिसऱ्याला द्यायची नसते आणि मागितल्याबरोबर परत करायची असते. माणसाची माहिती ही शासनाकडे ठेवलेली अमानत आहे असे मानले तर तीन गोष्टी आपोआप येतात: कशासाठी घेतली ते सांगणे, त्याच कामासाठी वापरणे, आणि ज्याची आहे त्याला ती पाहू देणे, दुरुस्त करू देणे. वर चर्चिलेली पुस्तके आपापल्या परीने हेच मागतात.

मुस्लिम मराठी साहित्याने आजवर टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाचे दुःख लिहिले, संशयाने पाहिले जाण्याची वेदना लिहिली. ते लिहिणे संपलेले नाही. पण आता आपल्यातलेच कितीतरी जण शिक्षक, तलाठी, अंगणवाडी सेविका, केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले आहेत. नाव लिहिताना लेखणी कुठे अडखळते, आईने अंगठा देण्यापूर्वी काय विचारले, न जुळलेल्या नावाच्या मुलीला वर्गात काय सांगावे लागते, हे अनुभव इतर कुणी लिहू शकणार नाही. दरवेश यांच्या कवितेतला कारकून साठ वर्षे गप्प आहे. त्याने मराठीत तोंड उघडले तर ती कथा शिक्षकाने लिहिलेली असण्याचा संभव मोठा आहे. ती लिहिली जावी, अशी आमची अपेक्षा आहे.